स्वमग्न मुलासाठी नर्सरीची निवड: इंग्लंडमधील एका मराठी कुटुंबाचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब प्रातिनिधिक आहे. कामाच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आलेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला जे प्रसंग वारंवार येतात, ते येथे एका घराच्या हकिगतीत एकत्र केले आहेत. कायदे, मुदती आणि रकमा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत आणि त्या फक्त इंग्लंडला लागू होतात. स्कॉटलंड आणि वेल्स यांची व्यवस्था वेगळी आहे.

वडील 2022 मध्ये पुण्याहून स्किल्ड वर्कर व्हिसावर माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीसाठी आले. आई त्यांच्यावर अवलंबित म्हणून व्हिसावर आहे आणि एका कार्यालयाच्या हिशेब विभागात पूर्णवेळ काम करते. घर लंडनच्या पश्चिमेकडील एका गावात, भाड्याचे. मुलाचा जन्म ऑक्टोबर 2021 मधला. कोल्हापूरहून आजी सहा महिन्यांसाठी येऊन राहिल्या होत्या, तोवर मुलाला सांभाळण्याचा प्रश्न आला नाही. त्या परतल्यावर, 2024 च्या वसंतात, मुलाला घराजवळच्या खाजगी नर्सरीत आठवड्यातून तीन दिवस ठेवायला सुरुवात झाली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, वर्षातले जवळजवळ सगळे आठवडे चालू असणारी ही नर्सरी नोकरी करणाऱ्या आईवडिलांना सोयीची होती, आणि तिच्या शुल्कात आईच्या पगाराचा मोठा भाग जात असूनही तो खर्च त्यांनी आनंदाने स्वीकारला होता.

मुलगा हाक मारल्यावर वळून पाहत नसे. हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी तो मोठ्या माणसाचा हात धरून तिच्याजवळ नेत असे. गाड्या तो चालवत नसे, ओळीने लावत असे. हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज झाला की कान झाकून खाली बसत असे, आणि जेवणात दहीभात व एका विशिष्ट प्रकारचे बिस्किट यांखेरीज काहीही घेत नसे. आजींचे म्हणणे होते की मुलगा आहे, उशिरा बोलेल; त्याचे वडीलही तीन वर्षांचे झाल्यावरच बोलायला लागले. त्या बोलण्यात माया होती आणि घरातल्या सगळ्यांना ते खरे व्हावेसे वाटत होते. परंतु दोन ते अडीच वर्षांच्या वयात होणाऱ्या नियमित तपासणीत हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी परिचारिकेने, चिंता नोंदवली आणि ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, निदानासाठी मुलाचे नाव पुढे पाठवले. नाव पाठवल्यापासून तीन महिन्यांच्या आत तपासणी सुरू व्हावी असे तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व सांगते, तरी प्रत्यक्षात अनेक भागांत वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागते. या कुटुंबालाही लागली.

त्या उन्हाळ्यात नर्सरीतून फोन येऊ लागले. मुलगा रडत आहे, त्याने दुसऱ्या मुलाला ढकलले, त्याला आज लवकर न्यावे. नंतर सुचवण्यात आले की काही काळ त्याने अर्धाच दिवस यावे. शुल्क पूर्ण दिवसाचेच राहिले. तेथील तरुण कर्मचारी मुलांवर जीव लावणारे होते, हे आईवडील आजही सांगतात. मात्र मुलासाठी नेमलेली व्यक्ती काही महिन्यांत नोकरी सोडून गेली, तिच्या जागी आलेलीही टिकली नाही, आणि ओळखीचा चेहरा हाच ज्याचा आधार आहे अशा मुलाला दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये रोज एक छायाचित्र आणि ‘दिवस छान गेला’ अशी एक ओळ येत असे. ज्या दिवशी फोन येई, त्या दिवशीही संध्याकाळी तीच ओळ असे.

मुलगा तीन वर्षांचा होण्याआधी आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहिला: याच नर्सरीत ठेवावे, दुसरी खाजगी नर्सरी पाहावी, की सरकारी नर्सरीसाठी अर्ज करावा? वडिलांचा पहिला कल स्पष्टपणे खाजगीकडे होता, आणि तो कोठून आला होता हे समजून घेणे आवश्यक आहे. पुण्यामुंबईत वाढलेल्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनात लहान मुलांच्या सरकारी शिक्षणाचे चित्र अंगणवाडी किंवा महापालिकेची बालवाडी हे असते. परवडत असेल तर पैसे भरून खाजगीत घालायचे, ही तेथे मुलाविषयीच्या जबाबदारीची खूण मानली जाते. इंग्लंडमध्ये हा हिशेब तसा लागू होत नाही. तेथे सरकारी नर्सरी शाळेत आणि प्राथमिक शाळेला जोडलेल्या नर्सरी वर्गात प्रशिक्षित, पदवीधर शिक्षक असतो, तर बहुतेक खाजगी नर्सऱ्यांत कर्मचाऱ्यांची पात्रता त्यापेक्षा कमी असते आणि शिक्षक असलाच तर एखादा असतो.

वडिलांना दुसरी गोष्ट खटकत होती ती संख्येची. तीन वर्षांवरील मुलांसाठी खाजगी नर्सरीत साधारणपणे आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती असते. सरकारी नर्सरीत, शिक्षक वर्गात असेल तर, तेरा मुलांमागे एक चालते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पाच मुलांमागे एक असे आहे, म्हणजे सध्याच्या नर्सरीतही तिसऱ्या वाढदिवसानंतर हात कमी होणारच होते. तरीही आठ आणि तेरा यांतला फरक कागदावर मोठा दिसतो, आणि ज्या मुलाला सतत कोणीतरी लागते त्याच्या वडिलांना तो भीतीदायक वाटावा यात नवल नाही. माझ्या मते या आकड्याला आईवडील जेवढे वजन देतात तेवढे त्याला नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत जवळ किती माणसे आहेत यापेक्षा त्या माणसांना काय कळते, ती किती काळ टिकतात आणि अतिरिक्त माणूस मिळवण्यासाठी संस्था कोणावर कायदेशीर दाब आणू शकते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

यानंतर पैशांचा आणि व्हिसाचा भाग येतो, ज्यात अनेक मराठी कुटुंबे गोंधळतात. कामाच्या व्हिसावरील कुटुंबांना सार्वजनिक निधीतून लाभ घेता येत नाही अशी अट असते. नोकरदार पालकांसाठी सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून पुढे आठवड्याला 30 तासांपर्यंत मोफत संगोपन उपलब्ध आहे. मात्र आई किंवा वडील यांपैकी किमान एकाला सार्वजनिक निधीचा हक्क असावा लागतो, त्यामुळे हे दार या घरासाठी बंद होते. अपंग मुलांसाठीचा निर्वाह भत्ता, ज्याला डीएलए म्हणतात, तोही सार्वजनिक निधीतच मोडतो. ज्या मुलाला तो भत्ता मिळतो त्याच्यासाठी नर्सरीला वर्षाला एक ठरावीक रक्कम मिळते, 2024-25 मध्ये ती 910 पौंड होती. भत्ता नाही म्हणून तीही नाही.

उरते ते असे: तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला, आईवडिलांचा व्हिसा कोणताही असो, वर्षाला 570 तास मोफत मिळतात, म्हणजे शाळेच्या 38 आठवड्यांत आठवड्याला 15 तास. हा हक्क तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या या मुलासाठी तो जानेवारी 2025 पासून सुरू होणार होता. हे तास खाजगी नर्सरीतही वापरता येतात आणि सरकारी नर्सरीतही. शिवाय मोफत तास घेणाऱ्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रत्येक स्थानिक परिषदेला, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या स्थानिक प्रशासनाला, एक समावेशन निधी ठेवावा लागतो आणि नर्सरी त्यातून मदत मागू शकते. शिक्षण हे व्हिसाच्या भाषेत सार्वजनिक निधी धरले जात नाही. म्हणून शिक्षण, आरोग्य आणि काळजी यांचा कायदेशीर आराखडा, ज्याला तेथे ईएचसी प्लॅन म्हणतात, तो मागण्याचा अधिकार या कुटुंबालाही इतर कोणाइतकाच होता. हे आईवडिलांना कोणी सांगितले नव्हते. व्हिसावर परिणाम होईल या भीतीने त्यांनी कित्येक महिने काहीच मागितले नाही, आणि या एका गैरसमजापायी अशा मुलांचा फार मोलाचा काळ निघून जातो.

आराखड्याचा आणि नर्सरीच्या निवडीचा संबंध येथे जुळतो. 2014 च्या मुले आणि कुटुंबे कायद्यानुसार, आराखड्यात एखाद्या सरकारी नर्सरी शाळेचे किंवा शाळेचे नाव लिहिले गेले की तिला त्या मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. खाजगी नर्सरीवर असे बंधन नाही. ती तयार असेल तरच तेथे ही व्यवस्था होऊ शकते, आणि तिचा पालकांशी असलेला संबंध शेवटी कराराचा असतो. 2010 चा समता कायदा दोघांनाही लागू आहे आणि अपंगत्वामुळे मुलाशी भेदभाव करण्याची मुभा दोघांनाही नाही. परंतु मुलाला घरी न्या म्हणून आलेल्या फोनला उत्तर देताना, ज्या संस्थेला प्रवेश देण्याचे आणि विशेष गरजांसाठी शिक्षकाच्या पात्रतेचा समन्वयक नेमण्याचे बंधन आहे तिच्याशी बोलणे, आणि जिला महिन्याची सूचना देऊन करार संपवता येतो तिच्याशी बोलणे, यांत पालकांच्या बाजूने मोठा फरक पडतो. या समन्वयकाला सगळे सेंको म्हणतात. खाजगी नर्सरीतही सेंको असतो, पण अनेक ठिकाणी तो इतर सर्व कामे सांभाळून ही जबाबदारी पाहतो.

आईवडिलांनी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये तीन जागा पाहिल्या.

पहिली जागा दुसऱ्या एका साखळीतली खाजगी नर्सरी होती. इमारत नवी, भिंती रंगीत, प्रत्येक खोलीत संगीत चालू. व्यवस्थापिका अगत्याने बोलल्या, ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ असे म्हणाल्या, पण सध्या असे एखादे मूल आहे का आणि त्याच्यासाठी काय केले जाते, या प्रश्नावर उत्तर अस्पष्ट राहिले. दुसरी जागा प्राथमिक शाळेला जोडलेला नर्सरी वर्ग. शिक्षिका अनुभवी होती, परंतु वर्गाचे दार थेट मोठ्या मुलांच्या मैदानावर उघडत होते आणि मधल्या सुट्टीचा गोंगाट आत येत होता. शिवाय सेंको संपूर्ण शाळेसाठी एकच होती.

तिसरी जागा म्हणजे सरकारची स्वतंत्र नर्सरी शाळा. अशा शाळा आता संपूर्ण इंग्लंडमध्ये सुमारे 380 उरल्या आहेत. त्यांची परंपरा 1914 मध्ये रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या, मोकळ्या हवेतल्या नर्सरीपर्यंत जाते; त्यामुळे त्या बहुधा साध्या वस्तीत असतात आणि त्यांच्याकडे मोठी बाग असते. या शाळेची इमारत जुनी होती आणि वडिलांना प्रथमदर्शनी ती आवडली नाही. पण आईने जेवणाच्या वेळी येण्याची परवानगी मागितली होती, आणि त्या अर्ध्या तासात तिला जे दिसले त्यावर निर्णय झाला. एक मुलगा टेबलाशी बसायला तयार नव्हता. कर्मचाऱ्याने त्याला ओढले नाही. त्याच्यासमोर दोन चित्रांची एक पाटी धरली, पहिल्या चित्रात जेवण, दुसऱ्यात बाग. मुलगा पाटीकडे पाहत राहिला, थोड्या वेळाने येऊन बसला, दोन घास खाल्ले आणि बागेत गेला. त्याच्यामागे एक व्यक्ती न बोलावता गेली. कोणी आवाज चढवला नाही. आईने विचारले की मुलगा फक्त दहीभात खातो, डबा चालेल का. उत्तर आले की चालेल, आणि लगेच पुढचा प्रश्न आला की भात गरम लागतो की गार, आणि भांडे कोणत्या रंगाचे असते. स्वमग्न मुलांची ओळख असलेल्या माणसालाच हा दुसरा प्रश्न सुचतो.

मुलगा अजून नॅपी वापरतो, हे सांगताना आईला संकोच वाटला होता. त्या कारणावरून मुलाला नाकारता येत नाही, आणि सेंकोने ते स्वतःहून सांगितले.

जागा ठरली तरी तासांची अडचण राहिली. नर्सरी शाळेत रोज सकाळी तीन तास, तेही शाळेच्या सत्रांतच. आईची नोकरी पूर्णवेळ. एक पर्याय होता की सकाळी सरकारी आणि दुपारी सध्याची खाजगी नर्सरी, कारण हक्काचे तास आणि विकतचे तास दोन ठिकाणी विभागता येतात. बदल हाच ज्याचा सर्वांत मोठा त्रास आहे अशा मुलाला एका दिवसात दोन इमारती, दोन जेवणघरे आणि दोन प्रकारचे नियम देणे मला तरी योग्य वाटले नसते, आणि सेंकोचेही मत तसेच पडले. शेवटी तीन दुपारी घरापासून जवळच्या, स्वतःच्या घरात मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडरकडे ठेवायचे ठरले. अशा व्यक्तीकडे पाच वर्षांखालील साधारण तीनच मुले असतात, आणि घर शांत असते. उरलेल्या दोन दुपारींसाठी आईने कामाच्या वेळा बदलून मागितल्या. एप्रिल 2024 पासून असा अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येतो आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिचा अर्ज मान्य झाला, पगार काहीसा घटला. सुट्ट्यांच्या आठवड्यांत मात्र ओढाताण कायम आहे. सरकारी नर्सरीची बाजू मांडताना हा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही: ज्या घरात आईला किंवा वडिलांना वेळा बदलून मिळत नाहीत, तेथे सर्वांत चांगली सरकारी नर्सरीसुद्धा वापरता येत नाही. अशा घरांनी स्थिर कर्मचारी असलेली एखादी लहान खाजगी किंवा स्वयंसेवी नर्सरी शोधून समावेशन निधीसाठी अर्ज करण्याचा आग्रह धरावा, हेच मी सुचवेन.

जानेवारी 2025 मध्ये मुलगा नर्सरी शाळेत जाऊ लागला. त्याआधीच, डिसेंबरमध्ये, आईवडिलांनी ईएचसी प्लॅनसाठी गरजांच्या मूल्यमापनाची मागणी परिषदेकडे स्वतः पत्राने केली होती. निदान झालेले असण्याची गरज नसते. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा असू शकतात आणि आराखड्याद्वारे मदत लागू शकते, एवढीच कायद्यातील कसोटी आहे. परिषदेला सहा आठवड्यांत उत्तर द्यावे लागते. उत्तर नकाराचे आले, कारण मुलाला आधी काय मदत दिली गेली आणि तिचा काय परिणाम झाला याची नोंद नव्हती. जुन्या नर्सरीकडून मागवलेल्या कागदांत ॲपमधल्या त्या ओळींखेरीज फारसे काही निघाले नाही. लवकर नेण्यासाठी केलेले फोन कोठेही नोंदलेले नव्हते. मुलाला ‘एकही शब्द येत नाही’ असे मात्र लिहिलेले होते, जे खरे नव्हते: तो ‘नको’, ‘पाणी’, ‘भूभू’ म्हणत असे आणि आजींनी शिकवलेले बडबडगीत जसेच्या तसे म्हणत असे, पण ते मराठी आहे हे तेथे कोणाच्या लक्षात आले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

नवीन शाळेतल्या सेंकोने पहिल्या आठवड्यातच आईकडून मुलाच्या मराठी शब्दांची यादी उच्चार आणि अर्थांसह घेतली आणि ती वर्गात मोठ्या व्यक्तींच्या नजरेसमोर लावली. घरी मराठी बोलणे थांबवावे का, असे आईने विचारले. असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते असे संशोधनात दिसलेले नाही, आणि आईला सहज न येणाऱ्या भाषेत बाळाशी बोलायला लावल्याने त्याच्या वाट्याचे बोलणेच कमी होते. सेंकोने मराठीच बोला असे सांगितले. मार्चपर्यंत शाळेने दर काही आठवड्यांनी काय पाहिले, काय ठरवले, काय केले आणि काय बदलले, हे तारखांसह लिहून ठेवले होते. समावेशन निधीतून रोज काही वेळ अतिरिक्त व्यक्तीही मिळाली होती.

नकाराविरुद्ध अपील करण्यापूर्वी मध्यस्थीचा विचार करावा लागतो. पालकांना मोफत सल्ला देणारी सेंडियास ही सेवा प्रत्येक परिषदेच्या क्षेत्रात असते. तिच्या सल्लागाराला सोबत घेऊन आईवडील मध्यस्थीच्या बैठकीला गेले आणि सेंकोने लिहिलेला दस्तऐवज पुढे ठेवला. परिषदेने मूल्यमापन मान्य केले. माझ्या दृष्टीने सरकारी नर्सरीच्या निवडीचा सर्वांत मोठा लाभ येथे दिसला. मुलाची प्रगती त्या तीन महिन्यांत थोडीच झाली होती, परंतु त्याच्याविषयी पात्रताधारक व्यक्तीने नीट पाहून लिहिलेले शब्द प्रथमच अस्तित्वात आले होते, आणि त्या व्यवस्थेत पुढचे प्रत्येक दार लेखी पुराव्यानेच उघडते.

आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यात ‘आवश्यकतेनुसार वाचा-उपचार उपलब्ध असतील’ असे वाक्य होते. ते वाचून वडिलांना समाधान वाटले होते. सल्लागाराने ते खोडले. आराखड्याच्या एफ या भागात लिहिलेली मदत पुरवणे परिषदेवर बंधनकारक असते, म्हणून ती किती वेळ, किती वारंवार आणि कोणाकडून हे तेथेच स्पष्ट लिहून घ्यावे लागते. मोघम वाक्याचा आग्रह नंतर कोणाकडेच धरता येत नाही. मसुद्यावर मत देण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. त्या दिवसांत आईवडिलांनी प्रत्येक मोघम वाक्याशेजारी प्रश्न लिहून पाठवले. जुलै 2025 मध्ये अंतिम आराखडा हाती आला, तेव्हा त्यात थेरपिस्टच्या भेटी, चित्रांच्या साहाय्याने संवाद शिकवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचे तास आणि शांत जागेची सोय ही सर्व नेमकेपणाने नोंदलेली होती.

याच काळात पुण्याला परत जावे का, हा विचारही घरात झाला. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, पण त्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांच्या वयासाठी आहे. नर्सरीच्या वयात सगळा भार पालकांच्या शोधाशोधीवर आणि खिशावर पडतो. आजी-आजोबांचा आधार मोठा होता, तरी आराखडा हातात असताना तो सोडून जाणे त्यांना पटले नाही.

मुलगा आता पाणी हवे असेल तर चित्र आणून देतो. बागेत तो दुसऱ्या एका मुलामागे धावतो, थांबतो आणि त्याने पुन्हा धावावे म्हणून वाट पाहतो. झोपेचा आणि जेवणाचा त्रास फारसा बदललेला नाही. निदानाची तारीख अखेर मिळाली आहे.

पुढचा निर्णय सप्टेंबर 2026 मधल्या रिसेप्शनचा, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या सुरुवातीच्या वर्गाचा. नर्सरी शाळेत होता म्हणून पुढच्या शाळेत जागा मिळते असे नाही. सर्वसाधारण मुलांचे पालक 15 जानेवारीपर्यंत अर्ज करतात. आराखडा असलेल्या मुलांसाठी तो मार्ग नसतो, परिषदेने आराखड्याचा फेरविचार करून पुढच्या शाळेचे नाव 15 फेब्रुवारीपर्यंत लिहावे लागते. वडिलांचा कल स्वमग्न मुलांसाठी वेगळा कक्ष असलेल्या सर्वसाधारण शाळेकडे आहे, आईचा विशेष शाळेकडे. परिषदेला पसंती कळवण्याआधी दोघेही दोन्ही शाळांत जेवणाच्या वेळी जाऊन येणार आहेत आणि त्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकांकडे वेळ मागितली आहे.